गोड बोअर, खारी विहीर: दर्यापूर तालुक्यातल्या पाणी तपासणीच्या नोंदी

११ मे

आजपासून वही सुरू. दोन लागून गावं, यादीत २४ ठिकाणं: ९ विहिरी, १५ बोअर. रब्बीत ज्यांच्यावर ओलित होतं तेवढीच घेतली. एक फेरी पावसाळ्याआधी, दुसरी दिवाळीनंतर.

हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला. वर सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव-अकोटाकडे संत्र्याच्या आणि केळीच्या बागा, आणि खाली इथे पिण्याचं पाणीसुद्धा शहानूर धरणावरून पाइपानं येतं. जुनी पद्धत म्हणजे पावसावर कपाशी आणि तूर, नाहीतर मूग काढून जमिनीतल्या ओलीवर हरभरा. गेल्या काही वर्षांत बोअर वाढले, तसं ओलितही वाढलं. पैसे देणाऱ्यांनी पाठवलेल्या तक्त्यात तीनच रकाने आहेत: सामू, ईसी (पाण्याची वीजवाहकता, क्षार जास्त तर ती जास्त), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार). त्यातही टीडीएस म्हणजे ईसीला ६४० नं गुणून आलेला आकडा, म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहायची. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट, क्लोराइड हे रकाने मी हातानं आखून घेतले.

१४ मे, रात्री

थ्री फेज वीज या आठवड्यात रात्रीची आहे. म्हणजे बोअरचे नमुनेही रात्रीचेच. गटातला एक मुलगा बॅटरी घेऊन पुढे, मी मागे. पंप सुरू झाल्याबरोबर बाटली भरायची नाही. पाइपात उभं राहिलेलं जुनं पाणी निघून जायला पंधरा मिनिटं तरी द्यावी लागतात. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची आणि काठोकाठ भरायची, वर हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही. बोअर क्र. ७ वर पाणी तोंडात घेऊन पाहिलं. गोड. शेतमालक म्हणाले, "ताई, या पट्ट्यात असं पाणी सापडाचं नाही. आजूबाजूचे लोक आमच्याच बोअरवरून घागर भरून नेतात."

शेजारची विहीर क्र. ४ त्यांच्या चुलतभावाची. तिथलं पाणी जिभेला लावलं की लगेच कळतं, मचूळ आणि मागाहून कडवट. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, या दोन घरांत काय चाललंय ते गावभर माहीत आहे. मी विचारलं नाही.

१६ मे

माझी चूक. परवाच्या अकरा बाटल्या गाडीच्या डिक्कीतच राहिल्या आणि दोन दिवस त्या उन्हात तापल्या. आज काढल्या तर चार बाटल्यांच्या बुडाशी पांढरट साय. पाणी तापलं, त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटला आणि चुना खाली बसला.

यात एक गंमत आहे, ती लिहून ठेवते. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट खाली बसतात ते सारख्याच मापानं. त्यामुळे या दोघांच्या फरकावर जो आकडा काढतात, ज्याला आरएससी (उरणारं सोडियम कार्बोनेट) म्हणतात, तो हलत नाही. पण एसएआर, म्हणजे सोडियमचा जोर, तो फुगून दिसतो, कारण कॅल्शियम कमी झालं आणि सोडियम होतं तिथेच राहिलं. म्हणजे तापलेल्या बाटलीतून निघालेला एक आकडा खरा, एक खोटा. अकराही नमुने पुन्हा घ्यायचे. पेट्रोलचा खर्च माझ्या खिशातून.

२० मे

नवे नमुने आले आणि लगेच प्रयोगशाळेत घेतले. ईसी मीटर आधी १४१३ मायक्रोसायमनच्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणावर लावून घेतला. मेमध्ये बोअरचं पाणी कोमटच असतं, आणि एका अंशाला ईसी सुमारे दोन टक्के वर सरकते. मीटर तापमान धरून २५ अंशाला आणणारा नसेल तर आकडा उगाच मोठा येतो.

मग टायट्रेशन. कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी २५ मिली पाणी, एरिओक्रोम ब्लॅक टी चिमूटभर, रंग दारूसारखा लाल, आणि वरून त्या दोघांना धरणारं ईडीटीए थेंब थेंब, निळा होईपर्यंत. क्र. ४ ला ब्युरेट दोनदा वाचायची वेळ आली, ३७.५ मिली लागले. क्र. ७ ला पाच मिलीतच निळा झाला. मला वाटलं हात चुकला. पुन्हा केलं. पुन्हा पाच.

याच बाटलीत बायकार्बोनेट काढायला आम्ल घातलं तर उलटं. क्र. ७ आम्ल पीतच राहिला. फिनॉल्फथॅलीन टाकल्यावर फिकट गुलाबी झाला तेव्हाच कळलं की यात कार्बोनेटसुद्धा आहे. विहिरीच्या पाण्यात गुलाबी आलाच नाही.

२३ मे

क्र. १९ चा हिशेब जुळेना. ईसी डेसीसायमनमध्ये घेऊन दहानं गुणली की धन आयनांची (कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम) बेरीज साधारण तेवढी यायला हवी. ईसी १.४, बेरीज आली १९. सोडियम मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरला देताना पाणी किती पट पातळ केलं ते मुलानं चुकीचं लिहिलं होतं. दुरुस्त केलं.

२६ मे

चोवीसचे आकडे समोर आहेत. बाकी बावीस पुढे पाहता येतील. आज दिवसभर मी दोनच ओळींकडे बघत होते. ईसी डेसीसायमनमध्ये, क्षारांचे आकडे आणि आरएससी मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये.

विहीर क्र. ४: ईसी ३.१. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून १५, सोडियम १६, बायकार्बोनेट ५, क्लोराइड २०. एसएआर ५.८. आरएससी उणे १०.

बोअर क्र. ७: ईसी १.४. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून फक्त २, सोडियम १२.१, कार्बोनेट-बायकार्बोनेट ९.४, क्लोराइड ३.६. एसएआर १२.१. आरएससी अधिक ७.४.

कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड इथल्या क्षारता प्रयोगशाळेनं १९५४ साली आखलेला वर्गांचा तक्ता अजून सगळीकडे चालतो. त्यात सी म्हणजे क्षारता, एस म्हणजे सोडियम. विहिरीचं पाणी सी४-एस२: ईसी २.२५ च्या वर म्हणून क्षारता फार, सोडियमचा धोका मध्यम. बोअरचं सी३-एस३: क्षारता त्याहून कमी, सोडियमचा धोका जास्त. नुसती ईसी पाहिली तर बोअरचं पाणी विहिरीच्या निम्म्याहून कमी खारं. गावात सगळे जे टीडीएसचं पेन घेऊन फिरतात, ते बोअरला शाबासकी देणार.

आता आरएससी. ईटन यांनी १९५० मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे. पाण्यातलं बायकार्बोनेट जमिनीत आलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून खाली बसवतं. कॅल्शियम संपलं तरी बायकार्बोनेट उरलं, तर मातीच्या कणांवर बसायला सोडियमच मोकळा राहतो. १.२५ पर्यंत ठीक, २.५ च्या वर ओलिताला नको. आपला बोअर ७.४.

आमच्या जमिनीचं मूळ दुखणंही हेच. काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात ते कॅल्शियम बाजूला पडल्याची खूण. उन्हाळा लांब, निचरा मंद, चुना खाली बसतो आणि मागे उरलेल्या पाण्यात सोडियमचा वाटा वाढत जातो. चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली जमीन ठरवायला जगभर १५ टक्के विनिमेय (मातीच्या कणांवर बसलेल्या) सोडियमची रेघ धरतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीवर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोतल्या शास्त्रज्ञांनी काम केलं, आणि इथे त्या रेघेच्या बऱ्याच आधीच पाणी मुरणं बंद होतं असं त्यांना दिसलं. ही माती म्हणजे निम्म्याहून जास्त चिकणमाती, फुगणारी. दुसरीकडच्या जमिनींसाठी आखलेल्या मर्यादा इथे जशाच्या तशा लावणं बरोबर नाही.

२९ मे

बोअर क्र. ७ च्या घरी चहाला थांबले. मावशी स्वयंपाकघरात वरणाची दाळ टाकत होत्या. मी सहज विचारलं, दाळ कशी शिजते या पाण्यात?

"लोण्यावाणी! धरणाच्या पाण्यात येळ लागते. ह्या पाण्यात दोन शिट्ट्यात दाय मोडते. साबणाले फेस तं पाहा किती येते."

खरं तर हाच निकाल आहे, मावशींनी दाळ शिजवून दिला. दाळ लवकर मोडते कारण पाण्यात कॅल्शियम नाही आणि खाण्याच्या सोड्यासारखं सोडियम बायकार्बोनेट आहे. फेस येतो तोही त्याचमुळे. जे दाळीला होतं तेच मातीला होतं, मोडते. फरक एवढाच की माती मोडली की ती पुन्हा खात नाही कोणी, तिच्यात फक्त पाणी साचून राहतं.

मी हे काकांना सांगितलं. ते हसले. "पाणी गोड हाय, दाय शिजते, अन् वावराले मारक? काहून?" त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. चार पिढ्या लोकांनी पाणी जिभेनं ओळखलं आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखलं. मीठ जिभेला कळतं. कॅल्शियम नसणं जिभेला कळत नाही.

९ जून

पहिला पाऊस. रस्ता बंद, गाडी चिखलात. काम नाही.

१९ जुलै

तीन दिवसांची झड उघडली. दोन्ही वावरं पाहून आले. मधे फक्त धुरा.

विहिरीकडच्या बाजूला सऱ्यांमधून पाणी निघून गेलं होतं, माती ओली, पण पाय घातला की मोकळी. पऱ्हाटी (कपाशी) हिरवी, उंचीला थोडी मागे. बोअरकडच्या बाजूला सऱ्यांत अजून पाणी, गढूळ, हलायला तयार नाही. वरच्या थराला गुळगुळीत चकाकी. पऱ्हाटीची खालची पानं पिवळी पडायला लागली होती. काका म्हणाले, "पाऊस जास्त झाला." पाऊस दोघांकडे सारखाच झाला.

पावसाळ्यात हे उघडं पडतं. रब्बीभर बोअरचं पाणी दिलं तेव्हा मातीवर सोडियम बसला, पण पाण्यातल्या क्षारांमुळे कण एकमेकांना धरून होते. वरून पावसाचं शुद्ध पाणी आलं, क्षार धुवून गेले, सोडियम राहिला, आणि कण सुटे होऊन छिद्रं बुजली. म्हणून शेतकऱ्याला वाटतं पावसानं बिघडवलं.

२१ जुलै

ढेकळाची परीक्षा. दोन्ही वावरांतली वाळलेली ढेकळं, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. काचेचे ग्लास, पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. विहिरीच्या चुलतकाकांच्या ओसरीवर मांडलं, कारण तिथे सावली होती.

अर्ध्या तासात विहिरीकडचं ढेकूळ फुटून तळाशी पसरलं, वरचं पाणी स्वच्छ. बोअरकडच्या ढेकळाभोवती आधी धुकं आलं, मग ते खाली पसरलं, आणि दोन तासांनी ग्लासाच्या तळाचा निम्मा भाग पातळ ताकासारखा. मुलं जमली होती. एकानं त्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, खाली काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चुलतकाका शांतपणे बघत होते. मग आत गेले आणि आपल्या विहिरीचं एक गडवं पाणी घेऊन आले. "आमच्या खाऱ्या पाण्यात टाक त्याचं ढेकूळ. पायजे तं सही."

टाकलं. फुटलं, पण गढूळ झालं नाही. पाणी स्वच्छ.

त्यांना फार आनंद झाला, आणि मला उगाच सावध व्हावं लागलं. यात दोन कारणं मिसळलेली आहेत. एक, खाऱ्या पाण्यातले क्षारच कणांना धरून ठेवतात, ते पाऊस आला की जातील. दुसरं, त्यात कॅल्शियम आहे आणि ते सोडियमची जागा घेतं, हा फायदा टिकणारा. ग्लासात दोन्ही वेगळे करता येत नाहीत. आणि खारं पाणी खारंच आहे, त्यांच्या स्वतःच्या हरभऱ्याची पानं कडेनं जळतात हे ते स्वतःच सांगतात.

६ ऑगस्ट

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम वाढवायला जिप्सम घालतात, त्याचा हिशेब. आरएससी एका मिलिइक्विव्हॅलंटनं उतरवायला हेक्टरी १० सेंटिमीटर पाण्याला ८६ किलो शुद्ध जिप्सम. आपल्याला ७.४ वरून २.५ पर्यंत यायचं, म्हणजे ४.९. एक ओलित सहा सेंटिमीटरचं धरलं तर एकरी साधारण १०० किलो. बाजारातलं जिप्सम शुद्ध नसतं, ७५ टक्के धरलं तर १३५ च्या आसपास, म्हणजे ५० किलोची जवळपास तीन पोती. हरभऱ्याला दोन, गव्हाला त्याहून जास्त ओलितं. काकांनी पोत्यांचा आकडा ऐकला आणि विषय बदलला. जमिनीत आधीच बसलेल्या सोडियमसाठीचं जिप्सम वेगळं, ते मी सांगितलंच नाही.

११ सप्टेंबर

काल रात्री झोप येईना म्हणून वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. जिप्सम म्हणजे कॅल्शियमच ना? मग ते धुऱ्यापलीकडे फुकट आहे.

बोअरचे दोन भाग, विहिरीचा एक. आरएससी येतो १.६. एसएआर १२.१ वरून ७.५. ईसी मात्र १.४ वरून २ च्या जवळ जाते. कपाशीला चालेल, गव्हाला चालेल. हरभरा नाजूक, त्याला मी हे देणार नाही, किंवा एखादंच ओलित आणि तेही पेरणीआधी. दोन्ही पाणी ५०० मिलीच्या बाटलीत मिसळून ठेवलं. सकाळी तळाशी किंचित पांढरं बसलं होतं. ते बसूच दे, आरएससी त्यानं बदलत नाही, हे मे महिन्यातल्या डिक्कीनं शिकवलंय.

तक्ता पाठवणाऱ्यांना फोन केला. त्यांच्याकडे "मिश्रण" असा रकाना नाही.

७ नोव्हेंबर

दुसरी फेरी. बोअर क्र. ७ जवळपास जिथे होता तिथेच, ईसी १.४, आरएससी ७.४. विहीर बदलली. पावसाचं पाणी उतरलं, ईसी ३.१ वरून २.४, कॅल्शियम-मॅग्नेशियम १५ वरून ११, सोडियम १३, आरएससी उणे ६. म्हणजे सप्टेंबरचं दोनास एक आता २.९ वर येतं, मर्यादेच्या वर. सारखं-सारखं धरलं तर आरएससी ०.७, एसएआर ७, ईसी १.९. विहिरीला सध्या पाणी भरपूर आहे, त्यामुळे निम्मं निम्मं जमेल. उन्हाळ्याकडे विहीर दोन तासांत तळाला जाते, पण तेव्हा तिचं पाणी घट्ट होतं आणि थोडं पुरतं. दर महिन्याला बाटली घ्यावी लागणार, एका आकड्यावर वर्ष काढता येत नाही.

१२ नोव्हेंबर

दोन्ही घरांना वेगवेगळं सांगितलं. बोअरचे काका बराच वेळ गप्प. मग, "म्हणजे ज्या पाण्याले आम्ही वीस वर्ष नावं ठेवली, थेच मांगाचं काय?" मावशी आतून म्हणाल्या, "मांगा नं, कमीपणा कायचा त्यात?" आणि भांडी जरा जोरात ठेवली.

चुलतकाका दुसऱ्या टोकाला. पाणी द्यायला ते तयार. फक्त त्यांचं म्हणणं, मागायला त्यानं स्वतः यावं, ताईनं नाही.

१६ नोव्हेंबर

काका स्वतः गेले. किती वेळ बसले, काय बोलले, मला माहीत नाही. गव्हाचं पहिलं ओलित पुढच्या आठवड्यात आहे. विहिरीपासून बोअरच्या हौदापर्यंत १४० फूट पाइप लागतो, तो मोजून आले. हौदात दोन्ही पाणी पडेल तिथे मी खुणेची काठी लावून दिली, अर्ध्यावर लाल रेघ.

पाइप आणला आहे, गुंडाळी चुलतकाकांच्या ओसरीवर पडली आहे. आता अडलंय ते एवढ्यावरच की तो धुऱ्यावरून न्यायचा की धुरा खोदून खालून.